कॅनमधली स्टाउट घरी ओतताना

आपल्याकडे बीअर शॉपीवर ‘पिंट द्या’ म्हटलं की समोर ३३० मिलीची छोटी बाटली येते. स्टाउट म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बीअर. तिचा पिंट वेगळा. तो ब्रिटिश मापाचा, ५६८ मिलीचा. काळ्याभोर बीअरवर दोन बोटं साईसारखा फेस असलेला तो ग्लास घरी जमत नाही, तेव्हा बहुतेक लोक कॅनला दोष देतात. खरं तर कॅन उघडण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. उरलेलं निम्मं पंधरा सेकंदांत होतं. मराठवाड्यातल्या घरात या कामाचे दोन खास शत्रू आहेत, उन्हाळा आणि बोअरचं पाणी. म्हणून या लेखात ओतण्याआधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. तेवढं आधी बघून घ्या.

कॅन कोणता आहे ते ओळखा

सगळ्या स्टाउट एकाच पद्धतीने ओतायच्या नसतात. ज्या कॅनवर ‘ड्राफ्ट’ किंवा ‘नायट्रो’ असं छापलेलं असतं, त्यात कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन वायू असतो. यातला सगळ्यांत ओळखीचा कॅन गिनेस या आयरिश कंपनीच्या गिनेस ड्राफ्टचा, ४४० मिली, अल्कोहोल ४.२ टक्क्यांच्या आसपास. ‘फॉरेन एक्स्ट्रा’ नावाने मिळणारी स्टाउट वेगळी असते. तिच्यात नायट्रोजन नसतो आणि अल्कोहोल साधारण ७.५ टक्के असतं. तिची पद्धत शेवटी दिली आहे.

नायट्रोजनच्या बहुतेक कॅनमध्ये प्लास्टिकचा एक पोकळ चेंडू असतो, लिंबापेक्षा थोडा लहान. त्याला विजेट म्हणतात. पहिल्यांदा रिकामा कॅन हलवल्यावर आत काहीतरी खडखडतं आणि माणूस दचकतो. काही पडलेलं नाही, तो चेंडू आहे. त्याला एक अगदी बारीक छिद्र असतं. कॅन भरताना बीअरमध्ये द्रव नायट्रोजनचा थेंब टाकून लगेच झाकण बसवतात. तो थेंब वायू होतो, कॅनमधला दाब वाढतो आणि त्या दाबाने थोडी बीअर आणि वायू छिद्रातून चेंडूत शिरतात. बाहेर जितका दाब, तितकाच चेंडूच्या आत. तुम्ही कॅन उघडता तेव्हा बाहेरचा दाब एका क्षणात उतरतो, चेंडूतला मात्र तसाच राहतो. मग छिद्रातून बारीक पिचकारी सुटते, ती सगळी बीअर ढवळून काढते आणि विरघळलेला नायट्रोजन लाखो बारीक बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो.

नायट्रोजनच का, हा प्रश्न रास्त आहे. कार्बन डायऑक्साइड बीअरमध्ये भरपूर विरघळतो, त्यामुळे त्याचे बुडबुडे भराभर फुगतात, मोठे होतात आणि फुटतात. शिवाय तो जिभेला चुरचुरतो. नायट्रोजन फार कमी विरघळतो. त्याचे बुडबुडे लहानच राहतात, फेस दाट होतो आणि लवकर बसत नाही. गिनेस कंपनीत मायकेल अॅश या गणितज्ञाने १९५९ मध्ये ही नायट्रोजनची पद्धत पबमधल्या नळावर बसवली. विजेटचा कॅन बाजारात आला १९८८ मध्ये. म्हणजे नळावरचा फेस कॅनमध्ये कसा आणायचा, हे सुटायला जवळजवळ तीस वर्षं गेली. इतक्या मेहनतीने बनवलेली वस्तू खरकट्या ग्लासात ओतू नये.

विकत घेताना कॅनच्या बुडावरची तारीख वाचा आणि कॅन दाबून बघा. चेपलेला, पोचा पडलेला किंवा बोटाने दबणारा कॅन घेऊ नका. भरलेला चांगला कॅन दगडासारखा टणक लागतो. दबला तर वायू निसटलेला आहे आणि मग कितीही कौशल्य असलं तरी फेस येणार नाही. दुकानात उन्हात मांडलेल्या खोक्यातला कॅनही टाळा.

थंड करणं

कॅन ५ ते ७ अंशांवर हवा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२च्या पुढे जातो. दुकानातून गाडीच्या डिकीतून घरी येईपर्यंत कॅन ४० अंशांचा झालेला असतो. असा कॅन दोन तास फ्रीजमध्ये ठेवून उघडला, की बाहेरून गार लागतो पण आत कोमटच असतो. कोमट बीअरमध्ये वायू विरघळून राहत नाही, कॅनमधला दाब वाढलेला असतो आणि उघडताक्षणी निम्मी बीअर ओट्यावर येते.

म्हणून कॅन आदल्या रात्रीच ठेवा. फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवू नका, कारण दार उघडलं की गरम हवा सगळ्यांत आधी तिथेच लागते. मधल्या किंवा खालच्या फळीवर, अगदी मागे, उभा ठेवा. कॅनच्या आतलं तापमान न उघडता मोजता येत नाही. त्यावर एक साधा उपाय आहे. कॅनशेजारी अर्धा लिटर पाण्याची बाटली त्याच वेळी ठेवा आणि उघडण्याआधी त्या पाण्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवा. पाणी ६ अंशांवर असेल तर कॅनही जवळपास तिथेच असेल. दुपारी तीन-चार तास लाइट गेली असेल त्या दिवशी हे तपासणं फार उपयोगाचं ठरतं.

घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, कॅन गळ्यापर्यंत बुडवून उभा ठेवा आणि ३५ ते ४० मिनिटं थांबा. नुसत्या बर्फात कॅन लवकर गार होत नाही. पाणी कॅनला सगळीकडून लागतं, बर्फाचे खडे चार ठिकाणीच लागतात. त्यात मीठ टाकू नका. मिठाने तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि कॅनच्या कडेला आतून बर्फ धरायला लागतो. फ्रीझरचंही तेच. विसरून राहिला तर कॅन फुगतो, कधी फाटतो, आणि वितळवून प्यायलेल्या स्टाउटला तो फेस राहत नाही. कॅन बादलीत गोल गोल फिरवूही नका. लागरसाठी, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बीअरसाठी, ते चालतं, विजेटच्या कॅनसाठी नाही.

ग्लास

४४० मिलीचा कॅन ४५० मिलीच्या ग्लासात बसेल असं वाटतं. बसत नाही. ओतल्याबरोबर सगळी बीअर बुडबुड्यांनी फुगते आणि वरून वाहते. ग्लास ५६८ मिलीचाच हवा. हिशेब सोपा आहे. ग्लासाचं तोंड आतून साडेआठ सेंटिमीटर असेल, तर वरचा दोन सेंटिमीटरचा फेस ११० मिलीच्या आसपास जागा घेतो. ४४० आणि ११० मिळून ५५०. ग्लास काठोकाठच्या किंचित खाली भरतो आणि तेच हवं असतं.

संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत काचेच्या भांड्यांच्या दुकानात असे ग्लास शोधता येतील, पण दुकानदार सांगेल त्या मापावर विसंबू नका. घरी रिकामा ग्लास वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि काठापर्यंत पाणी भरा. ५६० ते ५८० ग्रॅम भरलं की ग्लास योग्य. आकार खाली निमुळता, वर रुंद असावा. याला कारण आहे. स्टाउटच्या ग्लासात काचेलगतचे बुडबुडे वर न जाता खाली उतरताना दिसतात. बुडबुडे सरळ वर जातात, पण काच बाहेर झुकलेली असल्याने तिच्यालगत बुडबुडे कमी उरतात. तिथली बीअर जड होऊन खाली सरकते आणि जाताना बारीक बुडबुड्यांना ओढून नेते. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये याचं हे स्पष्टीकरण दिलं. स्टीलच्या फुलपात्रात स्टाउट तितकीच चांगली लागेल, पण हा देखावा हुकेल आणि फेस कधी बसला तेही कळणार नाही.

आता धुणं. सगळ्यांत जास्त ग्लास इथे वाया जातात. फेस टिकतो तो बीअरमधल्या प्रथिनांच्या पातळ पडद्यावर, आणि तेलाचा एक थेंब तो पडदा फाडतो. आपल्या ओट्यावरची घासणी शेंगदाण्याच्या तेलाची कढई घासून आलेली असते. त्याच घासणीने ग्लास घासला की आत तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. ताकाचा, दुधाचा किंवा लस्सीचा ग्लास वापरला तरी तेच होतं. स्टाउटसाठी एक नवा स्पंज वेगळा ठेवा. ग्लासात चमचाभर खाण्याचा सोडा आणि थोडं कोमट पाणी घालून त्याने आतून घासा. लिक्विड साबण वापरलाच तर दोन थेंब पुरेत, आणि नंतर तीन वेळा खळखळून विसळा, कारण साबणाचा अंशही फेस मोडतो.

बोअरच्या जड पाण्याने ग्लासावर पांढरे डाग राहतात. ते क्षार आहेत. त्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे चिकटतात, मोठे होतात आणि ग्लास आतून पुरळ उठल्यासारखा दिसतो. निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर ग्लासात भरून पंधरा मिनिटं ठेवा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस. शेवटची विसळणी जारच्या किंवा आरओच्या पाण्याने करा. पुसायचं नाही. स्वयंपाकघरातल्या फडक्याला तेल असतंच. जाळीवर उपडा ठेवून आपोआप वाळू द्या.

स्वच्छ झाला की नाही हे बघायला मीठ वापरा. ग्लास आतून ओला करून पाणी ओतून द्या आणि बारीक मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. जिथे चिकटत नाही तिथे तेल आहे. मग पुन्हा धुवा.

ग्लासाचं तापमानही महत्त्वाचं आहे. पाव किलोपेक्षा जास्त वजनाचा, ४० अंशांच्या खोलीत ठेवलेला जाड काचेचा ग्लास ६ अंशांच्या बीअरला सहज ४ ते ५ अंशांनी गरम करतो. म्हणजे रात्रभराची मेहनत एका क्षणात जाते. उन्हाळ्यात ग्लास अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, कारण काचेवर धरलेल्या हिमकणांवर फेस उसळतो आणि वितळलेलं पाणी बीअरमध्ये मिसळतं. हिवाळ्यात ग्लास खोलीत असला तरी चालतो.

आता ओता

१. कॅन फ्रीजमधून अलगद काढा. आपटू नका, हलवू नका, झाकणावर टिचक्या मारू नका. झाकण पुसून घ्या.

२. ग्लास आणि कॅन दोन्ही हाताशी ठेवा. उघडल्यावर ग्लास शोधायला वेळ नसतो.

३. कॅनची कडी एका दमात, पूर्ण उघडा. दबकत दबकत अर्धी उघडली तर दाब हळूहळू उतरतो, चेंडूतली पिचकारी जोरात सुटत नाही आणि फेस अर्धवट राहतो. उघडताच ‘फिस्स’ आवाज येईल आणि आत उसळी ऐकू येईल. फेस तोंडापर्यंत येईल. तीन-चार सेकंद थांबा.

४. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरा. कॅनचं तोंड ग्लासाच्या काठाजवळ आणा, पण बीअरमध्ये बुडू देऊ नका. मधल्या भिंतीवर धार सोडा. धार सलग हवी. फार बारीक नको, धबधबाही नको.

५. ग्लास तीन चतुर्थांश भरत आला की तो हळूहळू सरळ करा आणि ओतणं चालूच ठेवा. कॅन पूर्ण उलटा करून शेवटचा थेंबही ओता. दाट फेसाचा मोठा वाटा शेवटच्या ५० मिलीत असतो. सगळं मिळून १२ ते १५ सेकंद लागतात.

६. ग्लास सपाट जागी ठेवा आणि हात लावू नका.

पबमध्ये नळावरचा पिंट दोन टप्प्यांत भरतात. आधी तीन चतुर्थांश, मग थांबून उरलेला. गिनेसची जाहिरात त्यासाठी ११९.५ सेकंदांचा वेळ सांगते. ते बघून घरीही काहीजण कॅन अर्धा ओतून थांबतात. तसं करू नका. नळामागच्या पिंपात दाब कायम असतो, कॅनमध्ये विजेटने उठवलेली उसळी एकदाच मिळते. थांबलात तर उरलेल्या कॅनमधले बुडबुडे तिथेच बसतात आणि दुसरा टप्पा सपक निघतो.

सुरुवातीला ग्लास दुधाळ चहाच्या रंगाचा दिसेल. मग तळापासून काळा रंग वर चढत जाईल आणि फेस वर गोळा होईल. साधारण दोन मिनिटं लागतात. फेस आणि बीअर यांच्यामधली रेघ स्पष्ट झाली की ग्लास तयार. उजेडासमोर धरलात तर काळ्या रंगात गडद लाल छटा दिसेल. हा रंग भाजलेल्या बार्लीचा, आणि कॉफीसारखा कडवटपणाही तिचाच. काळी म्हणजे कडक हा समज मात्र चुकीचा आहे. ४.२ टक्क्यांच्या ४४० मिलीत सुमारे १८ मिली अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिली बाटलीत ते ५२ मिली भरतं.

पिताना ओठ फेसाच्या वर टेकवून ग्लास उचला, म्हणजे फेसाखालून बीअर येते आणि फेस तसाच राहतो. चमच्याने तो काढून टाकायचा नसतो. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक वर्तुळ उरतं. शेवटी अशी पाच-सहा वर्तुळं मोजता आली तर ग्लास धुण्याचं काम चोख झालं.

काय बिघडतं आणि का

उघडताच बीअर उसळून बाहेर आली, तर कॅन कोमट होता किंवा हलला होता. गाडीवरून आणलेला कॅन निदान काही तास उभा, स्थिर राहू द्यावा.

फेस आला पण दोन मिनिटांत बसला, वर साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे दिसले, तर ग्लासात तेल किंवा साबण आहे. या एका तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी ग्लासच असतो. तोच कॅन नीट धुतलेल्या ग्लासात ओतून बघा, फरक लगेच कळतो.

फेस बोटभरही झाला नाही आणि ग्लास मात्र स्वच्छ आहे, तर धार फार बारीक होती किंवा ग्लास शेवटपर्यंत तिरपाच राहिला. कॅन अति गार, दोन अंशांच्या खाली असेल तरी वायू बीअरमध्येच अडकून राहतो.

उलट निम्मा ग्लास फेसच झाला, तर ग्लास गरम होता किंवा वरून उंचावरून ओतलं. अशा वेळी थांबा. नायट्रोजनचा फेस हळूहळू उतरतो, तीन-चार मिनिटांत बराचसा बीअर होतो.

उघडताना आवाजच आला नाही, उसळीही नाही, तर कॅन गळका आहे. बीअर सपाट आणि आंबूस लागली तर ओतून द्या. पुठ्ठ्यासारखी चव आली तर कॅन जुना आहे किंवा उन्हात राहिला आहे.

नायट्रोजन नसलेली स्टाउट

विजेट नसलेला कॅन किंवा बाटली वरच्या पद्धतीने ओतली तर ग्लास फेसाने भरतो. ती ८ ते १२ अंशांवर प्यावी, म्हणजे फ्रीजमधून काढून उन्हाळ्यात दहा मिनिटं आणि हिवाळ्यात वीस मिनिटं बाहेर. ग्लास तिरपा धरून सावकाश, भिंतीवरून दोन तृतीयांश भरा. थोडं थांबा. मग ग्लास सरळ करून उरलेली मध्यभागी ओता. इथे दोन टप्पे बरोबर आहेत, कारण कार्बन डायऑक्साइडचा फेस मोठा आणि उतावळा असतो. तो तपकिरी असेल, साईसारखा नसेल. त्याची तुलना नायट्रोजनच्या फेसाशी करू नये.

काही नायट्रो कॅनमध्ये विजेटच नसतं. त्यांवर कॅन एकदा हळूच उलटा करून मग सरळ ग्लासात जोरात पालथा घालायला सांगितलेलं असतं. तिथे कॅनवरची सूचनाच पाळा. तिरपं धरून हळू ओतलं तर त्यांचा फेस उठत नाही.

सोबत खायला

भाजलेल्या बार्लीच्या चवीला भाजलेल्याच गोष्टी जुळतात. निखाऱ्यावरचा हुरडा, भाजलेल्या शेंगा, संभाजीनगरचा नान-खलिया. खलियाचा तेलाचा तवंग मात्र ओठांवर येतो आणि पहिल्याच घोटाला फेसाला भोक पाडतो. लिपस्टिकचंही तेच. ओठ कागदी रुमालाने पुसून मग घोट घ्या. शेंगदाणे तळलेले नकोत, भाजलेले घ्या, आणि त्यांचा हात ग्लासाच्या काठाला लावू नका.

दुसरा कॅन त्याच ग्लासात ओतायचा असेल तर आधी ग्लास गार पाण्याने विसळा. आतली वाळलेली वर्तुळं आणि काठावरचा ओठांचा ठसा नव्या फेसाला लगेच खाऊन टाकतात. ग्लास दोन असतील तर दुसरा फ्रीजमध्ये तयार ठेवा, आणि पहिला लगेच पाण्यात बुडवून ठेवा, कारण वाळलेला फेस सकाळी सोड्यानेही लवकर निघत नाही.